रंगीत पेला आणि नानकटाईचा ओव्हन



या सदरात नेहमी पीक, पाणी आणि जनावरे यांविषयी लिहिणे होते. आज विषय पेल्याचा आहे. पाणी प्यायच्या साध्या स्टीलच्या पेल्याचा. शेतीच्या पानावर हे काय आले, असे कुणी म्हणेल. पण घरोघरची तरुण मुले जोडधंदा शोधत आहेत, आणि जो धंदा थेट स्वयंपाकघरात शिरतो त्याची चौकशी घरातल्या सगळ्यांनीच करायला हवी.

ऑक्टोबर छाटणी आटोपली होती, दिवाळीला बारा-पंधरा दिवस होते. सांगली जिल्ह्यातल्या एका गावी द्राक्षबाग पाहायला गेलो होतो. बाग पाहून झाल्यावर घरी चहाला चला असा आग्रह झाला. ओसरीवर बसलो, वहिनींनी पाणी आणले. तांब्या नेहमीचा, पण पेला गर्द हिरवा, शहरातल्या दुकानात मिळतात तसा. हातात घेतला तर बरा वाटला. पाणी पिऊन खाली ठेवताना सहज आत नजर गेली. आतल्या बाजूला हिरवे बारीक ठिपके होते, आणि काठावर जिथे ओठ लागतो तिथला रंग कपचीसारखा उडालेला होता.

"वहिनी, हे पेले कुठं घेतले?" मी विचारले.

"घेतले कुठले साहेब! आमच्या धाकट्यानं घरीच रंगवलेत. मोबाईलवर बघून शिकलाय. तुळशीचं लग्न झालं की बहिणीच्या लग्नाची तारीख धरायची, तवा आहेराला असले दोनशे पेले द्यायचे म्हणतोय."

धाकटा बाहेर आला. आयटीआय झालेला, हाताचा चलाख मुलगा. त्याने रंगाची पूड फवारायची लहान बंदूक मागवली होती आणि साठ पेले रंगवून झाले होते.

"रंग भाजलास कशात रे?"

"आईच्या ओव्हनमध्ये."

हा ओव्हन वहिनींनी बचत गटाच्या कर्जावर घेतलेला. त्यात त्या नानकटाई करून गावात आणि तालुक्याला विकतात. चार हप्ते फिटायचे बाकी होते आणि दिवाळीची मागणी घेऊन ठेवलेली होती. वहिनी हळूच म्हणाल्या, "दोन दिवस झाले, नानकटाईला रंगाचा वास येतोय. मला वाटलं डालडा खराब निघाला."

त्या ओव्हनचे काय झाले ते पुढे सांगतो. आधी हा पुडीचा रंग म्हणजे काय ते पाहू, म्हणजे पोराचे कुठे चुकले ते आपोआप कळेल. याला कारखान्यात पावडर कोटिंग म्हणतात. आपल्या घरातले लोखंडी कपाट, फ्रिज, मोटारसायकलची चाके, पंख्याची पाती यांच्यावर बहुधा हाच रंग असतो. यात थिनर नाही, ब्रश नाही. राळ, तिला घट्ट करणारे द्रव्य आणि रंगद्रव्य एकत्र वितळवून, थंड करून, दळून त्याची बारीक पूड करतात. जर्मनीत एर्विन गेमर यांनी १९५० च्या दशकात अशी पूड हवेने खळबळत ठेवून तिच्यात तापवलेली वस्तू बुडवायची रीत काढली. १९६० च्या दशकात विजेचा भार देऊन पूड फवारणारी बंदूक आली आणि कारखान्यांतून हा रंग सर्वत्र पसरला.

बंदुकीचे तत्त्व द्राक्षवाल्यांना नवे नाही. बागेत विद्युतभारित फवारणी यंत्र चालते ते काहींनी पाहिले असेल. थेंबाला विजेचा भार दिला की तो पानाकडे ओढला जातो, आणि समोरून मारला तरी वळून पानाच्या पाठीमागेही बसतो. इथे थेंबाच्या जागी पूड आणि पानाच्या जागी पेला, एवढाच फरक. बंदुकीत दाब हजारो व्होल्टचा असतो, पण प्रवाह अगदी क्षीण. सौर झटका कुंपणाला दाब मोठा असून माणूस मरत नाही, कारण झटका क्षणभराचा असतो. इथे प्रवाहच नाममात्र ठेवलेला असतो. तरीही ज्यांच्या छातीत पेसमेकर बसवला आहे त्यांनी या बंदुकीजवळ थांबू नये.

पूड चिकटायची असेल तर पेला जमिनीशी जोडलेला हवा, म्हणजे अर्थिंग हवे. पहिली गोम इथेच असते. पंपाच्या मोटारीला आपण कोळसा-मीठ घालून खड्डा करतो, तसे नीट अर्थिंग नसले तर पूड पेल्यावर धरत नाही, नुसती हवेत उडते. आणि पेला ज्या आकड्याला टांगायचा त्या आकड्यावरही रंग बसत जातो. दहा-बारा घाण्यांनंतर आकडा रंगाने मढतो, वीज त्यातून जात नाही, आणि कालपर्यंत बरा बसणारा रंग आज का बसत नाही ते पोराला कळत नाही. आकडा दर वेळी खरवडून उघडा करावा.

पूड बसली की भाजायची. साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला दहा-पंधरा मिनिटे. नेमके आकडे पुडीच्या खोक्यावर किंवा माहितीपत्रकात असतात. उष्णतेने पूड आधी वितळते, पसरते, आणि मग कायमची घट्ट होते. तूप थिजते आणि पुन्हा पातळ होते; अंडे एकदा उकडले की परत पातळ होत नाही. हा रंग अंड्यासारखा आहे. मात्र ती दहा-पंधरा मिनिटे ओव्हनचा दिवा लागल्यापासून मोजायची नाहीत. पेल्याचा धातू स्वतः त्या उष्णतेला पोहोचला की तिथून मोजायची. घरगुती ओव्हनच्या बटणावरचा आकडा आणि आतली खरी उष्णता यांत वीस-तीस अंशांचा फरक सहज पडतो, म्हणून आत ठेवायचा वेगळा तापमापक घ्यावा. कच्चा राहिलेला रंग दिसायला पक्क्यासारखाच चकचकीत दिसतो. वीटभट्टीतली वीट बाहेरून लाल दिसते, फोडल्यावर आतून काळी निघते, तसाच हा प्रकार. आणि मध्येच वीज गेली तर तो घाणा कच्चा समजावा.

त्या मुलाच्या पेल्यांचा रंग काठावर उडाला त्याचे मुख्य कारण मात्र भाजण्यात नव्हते, धुण्यात होते. स्टील फार गुळगुळीत असते. त्याला दुकानातून आल्यापासून पॉलिशचा मेणचटपणा असतो, आपल्या बोटांचे तेल असते. अळवाच्या पानावर पाणी टाका, थेंब होऊन घरंगळते. म्हणून तर फवारणीत आपण स्टिकर मिसळतो. धुतलेल्या पेल्यावर पाणी ओतून पाहावे. सगळीकडे सलग पडदा धरला तर तेल गेले. कुठे थेंब जमले तर तिथे तेल आहे आणि तिथूनच उद्या कपची निघणार. धुऊन वाळल्यावर उघड्या बोटांनी हात लावू नये.

नुसते धुऊनही भागत नाही, स्टीलचा पृष्ठभाग खरखरीत करावा लागतो. नांगरट न करता बी टाकले तर रुजत नाही, तसेच हे. कारखान्यात दाबाच्या हवेने कण मारून हे काम करतात. घरी पॉलिशपेपरने, १८० ते २२० नंबरच्या, बाहेरची बाजू सारखी घासून घ्यावी. वेळ लागतो, पण होते. इथे दोन गोष्टी जपा. कॉम्प्रेसर आहे म्हणून नदीची वाळू चाळून ती मारायची, हे कुणी करू नये. वाळूची बारीक धूळ फुप्फुसात बसते, सिलिकोसिस होतो, आणि त्या आजाराला बरे करणारे औषध नाही. दुसरे, डाग काढायला फरशीचे ॲसिड लावू नये. त्यातला क्लोराइडचा अंश स्टीलला खातो. लोखंडी तारेचा ब्रशही नको. त्याचे कण स्टीलवर राहतात आणि तिथे गंज धरतो.

आता आतल्या ठिपक्यांविषयी, कारण माझा खरा आक्षेप तिथे आहे.

आपल्या आजीच्या वेळी घरात पितळेची भांडी होती. पितळेत ताक किंवा चिंचेचे सार ठेवले की कळकते, म्हणून वर्षातून एक-दोनदा कल्हईवाला दारात बसायचा. भांडे तापवायचे, नवसागर टाकायचा, कथील लावायचे आणि कापसाच्या बोळ्याने भांड्याच्या आत फिरवायचे. कथील २३२ अंशांना वितळते, म्हणून ते काम चुलीवरच्या निखाऱ्यांत होत असे. कल्हई आतून लावायची, कारण अन्न आणि पितळ यांच्यामध्ये पडदा हवा होता. स्टीलला असा पडदा लागत नाही. त्यातल्या क्रोमियममुळे हवेच्या संपर्काने त्याच्यावर आपोआप एक अतिशय पातळ थर तयार होतो. खरचटले तर तो पुन्हा धरतो. चांगल्या भांड्यांच्या ३०४ जातीच्या स्टीलमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. म्हणजे स्टीलचा पेला आतून उघडा असणे हाच त्याचा गुण आहे. त्याच्या आत रंग चढवणे म्हणजे सोन्याला मुलामा देणे. त्यातून हा रंग कपाटासाठी केलेला, त्याच्यातून गरम चहात किंवा लिंबाच्या सरबतात काय उतरते याची चाचणी त्या पुडीची झालेली नसते.

तेव्हा पेला रंगवायचा तर बाहेरून रंगवावा. आत एक कणही जाऊ देऊ नये आणि काठापासून बोटभर रुंदीची पट्टी उघडी ठेवावी, कारण ओठ बाहेरच्या बाजूनेही लागतात. काठाखाली उष्णता सोसणारी चिकटपट्टी लावावी. साधी चिकटपट्टी ओव्हनमध्ये जळते. तोंडात सिलिकॉनचे बूच बसवतात, आणि बुचातून गेलेला लोखंडी गज आतल्या तळाला टेकवून त्यातूनच अर्थिंग घेतात. बूच मात्र हवाबंद बसवू नये, आतली हवा तापून फुगते आणि ते उडवते. पूड मारून झाल्यावर भाजण्याआधी आत पाहावे. कण गेले असतील तर कोरड्या ब्रशने झटकून पुसून घ्यावे. भाजल्यानंतर ते निघत नाहीत. त्या मुलाने बूचही लावले नव्हते आणि पट्टीही. "आत थोडंसंच गेलंय," असे तो म्हणाला. थोडेसेच गेले होते हे खरे.

पुडीविषयीही एक सांगून ठेवतो. पॉलिएस्टर जातीच्या काही पुडींत टीजीआयसी नावाचे घट्ट करणारे द्रव्य असते. युरोपात त्याला आनुवंशिक दोष घडवू शकणाऱ्या द्रव्यांच्या वर्गात टाकलेले आहे. ते नसलेली पूडही मिळते. दुकानदाराकडे 'टीजीआयसी नसलेली' असे स्पष्ट सांगून मागावी आणि तिचे सुरक्षा माहितीपत्रक घ्यावे. जो माहितीपत्रक देत नाही, सुटी पूड पिशवीत बांधून देतो, त्याच्याकडून घेऊ नये. कीटकनाशक घेताना बाटलीवरचे चिन्ह पाहा असे आम्ही वर्षानुवर्षे सांगतो, तोच नियम इथे.

पुडीचे सगळ्यांत बारीक कण श्वासाबरोबर खोल जातात. तोंडाला गमछा बांधला म्हणजे झाले असे आपल्याकडे समजतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा पुरेशी संरक्षक साधने न वापरणे हे एक कारण पुढे आले. रंगाची पूड म्हणजे कीटकनाशक नव्हे, हे मी जाणतो. पण गमछ्याने जसे औषध अडत नाही तशी पूडही अडत नाही. एन-९५ मास्क, चष्मा आणि अंगभर कपडे हवेत.

याहून मोठा धोका आगीचा. कोणतीही जळणारी बारीक पूड हवेत दाट तरंगत असताना ठिणगी मिळाली तर भडका होतो. सांगली-कोल्हापूरकडे साखर कारखाने जवळ आहेत म्हणून हे उदाहरण देतो. २००८ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात एका साखर कारखान्यात साखरेच्या धुळीचा स्फोट होऊन चौदा माणसे गेली. आपण चहात घालतो ती साखर! रंगाची पूडही तशीच पेट घेते. म्हणून चुलीजवळ, गॅसजवळ, देवाच्या दिव्याजवळ, चालू ओव्हनजवळ फवारू नये. बिडी पेटवू नये. फवारायची जागा एकीकडे आणि ओव्हन दुसरीकडे असावा. सांडलेली पूड घरच्या व्हॅक्यूम क्लीनरने ओढू नये, त्याच्या मोटारीत ठिणगी असते. फुंकून उडवूही नये. ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. आणि गॅसवर चालणाऱ्या भट्टीत तर घरच्या घरी हे काम करूच नये.

बोलता बोलता मुलगा म्हणाला, "साहेब, स्वयंपाकघरात नको तर बेदाण्याच्या शेडमध्ये करतो. हंगाम फेब्रुवारीपासून, तोवर शेड रिकामीच आहे." त्याच्या वडिलांनाही ते पटले होते. मी म्हटले, त्या जाळ्यांवर उद्या बेदाणा वाळायचा आहे. जाळीच्या प्रत्येक गाठीत हिरवी पूड अडकून बसेल, ती कोण धुणार? बेदाणा विकत घेणारा व्यापारी एक ठिपका दिसला तरी पूर्ण माल मागे टाकेल, आणि ते बरोबरच आहे. शेवटी जनावरांच्या गोठ्यापासूनही दूर, अवजारे ठेवायची जुनी खोली ठरली. दोन बाजूंनी खिडक्या होत्या. तिच्यावर पत्रा आहे तेवढी एक अडचण. पूड ३० अंशांच्या आत, कोरडी ठेवावी लागते. पत्र्याखाली एप्रिल-मेमध्ये ती युरियासारखी गठ्ठा धरील. पिशवी घट्ट बांधून घरातल्या गार कोपऱ्यात, पोरांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी. धान्याच्या कोठीत नव्हे.

त्या खोलीत वीज शेतीपंपाच्या जोडणीवरून घ्यायचा विचार होता. तोही सोडायला लावला. शेतीच्या जोडणीवर धंदा चालवणे हा २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी दुप्पट दराने होते. दीड-दोन हजार वॅटच्या ओव्हनला जाड तार आणि मोठा सॉकेट लागतो. बारीक वायरचा बोर्ड ओढून चालवला तर आधी वायर भाजते, मग पेला.

आता ओव्हनचे. ज्या ओव्हनमध्ये एकदा पुडीचा रंग भाजला, त्यात पुन्हा कधीही खाण्याचे काही भाजू नये. धुऊन, लिंबू लावून, दहा वेळा रिकामा तापवूनही नाही. रंग भाजताना त्यातून वाफ निघते, ती आतल्या भिंतींवर, जाळीवर, तापणाऱ्या कांड्यांवर बसते. सांडलेले कण फटीत जातात आणि पुढच्या प्रत्येक वेळी तापतात. हे मी सांगितले तेव्हा ओसरीवर कुणी बोलेना. वहिनी आत गेल्या आणि नानकटाईचे दोन डबे घेऊन आल्या.

"हे काय करू? म्हशीला घालू का?"

मी म्हटले, "म्हशीलाही नको." त्यात विष झाले होते असे माझे म्हणणे नाही. पण त्यात काय उतरले ते आपल्याला मोजता येत नाही, आणि जे मोजता येत नाही ते गिऱ्हाइकाला द्यायचे नाही आणि दुभत्या जनावरालाही नाही. वहिनींनी डबे परसात नेऊन खड्ड्यात रिकामे केले. मैदा, साखर, तूप-डालडा, दोन दिवसांची मेहनत सगळे त्यात गेले. मुलगा मान खाली घालून उभा होता. मी त्याला रागावलो नाही. खरे तर त्याने विचारले असते तर सांगायला गावात कोण होते?

त्यानंतर आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. तो हिशेब इथे देतो, कारण मुलांना तो कुणी सांगत नाही. साधा पेला, सात सेंटिमीटर रुंद आणि अकरा उंच. त्याची बाहेरची बाजू सुमारे २५० चौरस सेंटिमीटर भरते. ६० मायक्रॉन जाडीचा थर द्यायचा तर एक किलो पूड कागदावर ११ चौरस मीटरला पुरते, म्हणजे चारशेहून अधिक पेल्यांना. हाताच्या बंदुकीत निम्मी पूड वाया जाते असे धरले तरी दोनशे पेले होतात. म्हणजे आहेराचे दोनशे पेले एका किलोत! हे ऐकून मुलगा खूश झाला. मग पुढचे मांडले. ओव्हनमध्ये एका वेळी आठ पेले बसतात, म्हणजे पंचवीस घाणे. तापणे, भाजणे, काढणे मिळून घाण्याला चाळीस मिनिटे धरली तर सतरा तास ओव्हन चालला पाहिजे. वीज घाण्याला साधारण एक युनिट. आणि धुणे, घासणे, पट्टी लावणे, पूड मारणे याला पेल्यामागे दहा मिनिटे धरली तरी तेहतीस तास. दोन्ही मिळून पन्नास तास. आठ तासांचा दिवस धरला तर सहा दिवसांवर काम, तेही वीज न जाता आणि एकही पेला न बिघडता. आपल्या भागातल्या मजुरीच्या दराने गुणून पाहा. पूड स्वस्त आहे, हात महाग आहेत.

म्हणून माझे मत असे की, सुरुवातीला बंदूक आणि ओव्हन घेऊच नये. कुपवाड, गोकुळ शिरगाव, भोसरी, सातपूर-अंबड अशा औद्योगिक वसाहतींत पावडर कोटिंगची जॉबवर्क करणारी दुकाने आहेत. वीस पेले तिथे द्यावेत, आतली बाजू झाकून आणि काठाला पट्टी लावून द्यावेत, आणि ते गावच्या बाजारात, बचत गटाच्या स्टॉलवर, हुरडा पार्टीच्या ठिकाणी विकून पाहावेत. गिऱ्हाईक आहे का ते आधी कळू द्या. आहे असे दिसले तर जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन त्या वेळी कोणती कर्जयोजना चालू आहे ते विचारावे. जमिनीवर बोजा चढवून हा धंदा करू नये.

रंग पक्का बसला की नाही ते पाहायची रीत सोपी आहे. प्रत्येक घाण्यातला एक पेला परीक्षेचा समजावा. ब्लेडने त्याच्यावर उभ्या-आडव्या बारीक रेघा मारून जाळी पाडावी, चिकटपट्टी घट्ट दाबून एकदम ओढावी. चौकोन निघून आले तर तो घाणा विकू नये.

आहेराच्या पेल्यांवर नाव घालायची आपल्याकडे पद्धत आहे. भांडीवाला यंत्राने ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरून देतो ते रंगाखाली बुजते. नाव हवे तर उष्णता सोसणाऱ्या पट्टीची अक्षरे कापून चिकटवावीत, वर पूड मारावी आणि पेला गरम आहे तोवर चिमट्याने अक्षरे सोलून काढावीत. खाली उघडे स्टील चमकते, फार सुंदर दिसते. हे मात्र त्या मुलाला मोबाईलवरूनच माहीत होते, मी त्याच्याकडून शिकलो.

थंड-गरम राहणारे दुहेरी भिंतीचे पेले हल्ली फार चालतात आणि ते रंगवून द्या अशी मागणी येईल. त्यांत दोन भिंतींमधली हवा काढून घेऊन तोंड बंद केलेले असते. उष्णतेने ते बंद ठिकाण बिघडले तर पेला साधा होऊन बसतो. आणि काही स्वस्त पेल्यांत हवा काढलेलीच नसते. तशा पेल्यात कोंडलेली हवा ओव्हनमध्ये फुगून पेला फाटू शकतो. उकळते पाणी भरून पाच मिनिटांनी बाहेरून हात लावावा. बाहेरची भिंत तापली तर तो पेला ओव्हनमध्ये घालू नये. नवशिक्याने दुहेरी पेल्यांच्या वाटेला न गेलेले बरे. प्लॅस्टिकचे झाकण आणि तळाचे रबर काढायचे हे तर सांगायला नकोच.

त्या घरचे शेवटी असे ठरले. ओव्हन अवजारांच्या खोलीत गेला, त्याच्यावर मोठ्या अक्षरांत 'फक्त रंगासाठी' असे लिहिले, आणि उरलेले चार हप्ते धाकट्याने भरायचे. दिवाळीची नानकटाई वहिनींनी शेजारगावच्या बेकरीच्या भट्टीत भाजून घेतली. दर घाण्याला पैसे द्यावे लागले, नफा जवळजवळ राहिला नाही, पण मागणी पुरी झाली. आतून ठिपके पडलेले साठ पेले चुलीत टाकून रंग जाळायचा बेत होता, तो मी मोडला, कारण जळत्या रंगाचा धूर घरात नको. रंग उतरवायची रसायनेही घरी हाताळण्यासारखी नाहीत. त्यातले बरेचसे आता रोपवाटिकेत पाणी घालायला वापरतात. प्रत्येकाच्या तळाला खिळ्याने भोक पाडून घेतले आहे, म्हणजे चुकूनही कुणी त्यातून पाणी पिणार नाही.

बाजारचे असोत की घरचे, रंगीत पेले घासताना राख, वीटकर किंवा तारेची घासणी वापरू नये. साबणाचे पाणी आणि मऊ फडके पुरे. रंगाला चीर गेली की पाणी आत शिरते आणि कपच्या सुटू लागतात. कपची सुटलेला पेला पिण्यातून काढावा. हे वहिनींना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "साहेब, आमच्या घरात भांडी सासूबाई घासतात, आणि त्या राख सोडत नाहीत. आम्हाला आपले साधेच पेले बरे."